पाडलेल्या रिॲक्टरच्या जागी राहणार कोण?

आमच्या धंद्यात इमारत पाडायची म्हणजे आधी पागडीवाल्यांच्या सह्या, मग म्हाडा नाहीतर महापालिकेचे कागद, मग एक दिवस पोकलेन येतो आणि चाळीस वर्षांचा संसार आठवडाभरात राबिट (पाडकामाचा मलबा) होऊन डंपरमध्ये जाऊन बसतो. ते डंपर कुठे रिकामे होतात हे कागदावर एक असतं आणि खाडीच्या कडेला वेगळंच दिसतं, त्यावर जास्त बोलत नाही कारण मला याच शहरात काम करायचंय. (मी स्ट्रक्चरल ऑडिट करते, नवीन वाचणाऱ्यांसाठी.) पण पाडायची इमारत रिॲक्टरची असेल तर सगळंच उलट्या टोकापासून सुरू होतं. तिथे पहिला प्रश्न 'कधी पाडायचं' हा नसतो, 'किती मागे ठेवलं तर चालेल' हा असतो. किती म्हणजे किती रेडिओॲक्टिव्हिटी. आणि तो आकडा ठरवण्यातच लोकांची वर्षं जातात.

हे सगळं डोक्यात शिरायचं कारण आमच्या बी विंगमधले काका. हेल्थ फिजिक्समधून, म्हणजे रेडिएशनपासून माणसं जपण्याच्या कामातून, रिटायर, सगळी नोकरी ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात. स्वतःच्या नोकरीतलं काही विचारलं की "अगं ते सोड" म्हणून विषय बदलतात, पण बाहेरच्या देशातलं किंवा पुस्तकातलं विचारलं की मग त्यांना थांबवणं कठीण. चेंबूर-देवनारला असे काका दर दोन बिल्डिंगमागे एक सापडतील, विचारणारं कुणी नसतं एवढंच.

पहिली गोष्ट, शून्य हा आकडा मिळतच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर "शंभर टक्के क्लीन करा मग बोला" म्हणणारे असतात त्यांच्यासाठी हे. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात पोटॅशियम-४० असतं, त्याचे सेकंदाला साधारण ४,४०० अणू फुटत असतात, म्हणजे ४,४०० बेकरेल, हे वाचताना तुमच्याही अंगात चालूच आहे. माती, दगड, हवेतला रेडॉन, वरून येणारे कॉस्मिक किरण, सगळं धरून जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्टच्या (माणसाला मिळणारा डोस मोजायचं एकक) आसपास येते. आपली मुंबई काळ्या दगडावर बसलेली, बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम कमीच, त्यामुळे आपल्याकडे जमिनीतून येणारा वाटा कमी. केरळात कोल्लमच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या कितीतरी पट जास्त डोसमध्ये राहतायत. मग रिॲक्टरच्या जागेवर 'शिल्लक' म्हणजे या सगळ्याच्या वर किती, एवढंच ठरवायचं असतं.

अमेरिकेत १९९७ साली त्यांच्या न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनने नियम केला: जागा मोकळी करून द्यायची, कसलंही बंधन न ठेवता, तर तिथल्या उरलेल्या रेडिओॲक्टिव्हिटीमुळे माणसाला वर्षाला ०.२५ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळता कामा नये. आणि त्याच्याही खाली, जितकं सहज शक्य असेल तितकं खाली आणा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००६ मध्ये ०.३ म्हटलं. सामान्य माणसासाठी सगळ्या कृत्रिम सोर्सचं मिळून (औषधोपचार सोडून) १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा, ती आपल्याकडेही तीच आहे. गंमत म्हणजे अमेरिकेतल्याच पर्यावरण खात्याला ०.२५ पटलं नाही, त्यांना ०.१५ हवं होतं, वर भूजलासाठी वेगळी ०.०४ ची अट. एकाच सरकारची दोन ऑफिसं, एकाच जमिनीवर दोन आकडे, शेवटी २००२ मध्ये दोघांनी समझोत्याचा कागद केला. मुंबईत ज्यांनी एका ड्रेनेज लाइनसाठी दोन खात्यांच्या चकरा मारल्यात त्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

इथपर्यंत सोपं आहे. गडबड पुढे आहे. ०.२५ मिलिसिव्हर्ट हा डोस आहे, म्हणजे तो माणसाला मिळतो, भिंतीला नाही. भिंतीवर मीटर धरून तुम्हाला डोस-प्रति-वर्ष कळत नाही, तुम्हाला कळतं की या शंभर चौरस सेंटीमीटरच्या तुकड्यावर मिनिटाला इतके अणू फुटतायत, किंवा या मातीच्या ग्रॅममागे इतके बेकरेल आहेत. मग या आकड्यावरून त्या आकड्याकडे जायचं कसं? मध्ये एक माणूस उभा करावा लागतो. काल्पनिक. तो तिथे किती तास बसतो, किती धूळ श्वासात घेतो, काय खातो, कुठलं पाणी पितो. तो माणूस बदलला की भिंतीची लिमिट बदलते, भिंत तीच असली तरी. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, आणि बातम्यांमध्ये नेमकी हीच कधी येत नाही, तिथे फक्त 'मर्यादेच्या आत' असं छापून येतं.

आणि प्रत्येक आयसोटोपची, म्हणजे रेडिओॲक्टिव्ह अणूच्या प्रत्येक प्रकाराची, लिमिट वेगळी. अमेरिकेच्या तयार तक्त्यात, म्हणजे ज्यांना स्वतःचं गणित करायचं नाही त्यांच्यासाठी जे आकडे दिलेत त्यात, इमारतीच्या पृष्ठभागावर कोबाल्ट-६० साठी शंभर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला ७,१०० विघटनं चालतात. सिझियम-१३७ साठी २८,०००. आणि ट्रिटियमसाठी? १२ कोटी. मी काकांना म्हटलं टायपिंग मिस्टेक आहे का ही, तर हसले. ट्रिटियम म्हणजे रेडिओॲक्टिव्ह हायड्रोजन, त्याचा बीटा किरण इतका दुबळा की तुमची कातडीसुद्धा ओलांडत नाही, पोटात किंवा श्वासात गेला तरच त्रास, आणि कोबाल्टचे गॅमा दहा-लाखांच्या वर इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, भिंतीत असला तरी खोलीच्या मध्यावर बसलेल्याला गाठतो. म्हणून "किती रेडिएशन आहे" हा प्रश्नच अर्धवट आहे, कशाचं ते आधी सांगा.

आता तो काल्पनिक माणूस. मातीसाठी अमेरिकन लोकांचा आवडता माणूस म्हणजे शेतकरी, तिथेच घर बांधून राहणारा. जागा मोकळी झाल्यावर तो येतो, तिथेच भाजी पिकवतो, गाई पाळतो, दूध पितो, स्वतःच्या विहिरीचं पाणी पितो, आणि हिशोब पुढची १,००० वर्षं चालवायचा, त्यात ज्या वर्षी डोस सगळ्यात जास्त निघेल तो धरायचा. ओहायो किंवा आयोवात हे शोभतं. इमारतीसाठी माणूस वेगळा: ऑफिसात काम करणारा, आठवड्याला ४५ तास, वर्षाला २,३४०.

मी हे वाचलं आणि माझ्या डोळ्यासमोर आमच्या सर्व्हेतल्या इमारती आल्या. २,३४० तास! वर्षाचे एकूण तास ८,७६०. आपल्याकडे चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये गुडघ्यांमुळे खाली उतरणं बंद झालेली आजी असते, ती त्या दहा-बाय-बाराच्या खोलीत चोवीस तास असते, पलंग भिंतीला टेकून. भिंतीतून बाहेर येणाऱ्या गॅमापुरतं बोलायचं तर ऑफिसवाल्याला जिथे ०.२५ मिळाला असता तिथे या आजीला पावणेचार पट, म्हणजे ०.९४ च्या आसपास. १ च्या जेमतेम आत. गणित एकाच ओळीचं आहे पण माणूस निवडताना चूक झाली तर सगळी सुरक्षिततेची गादी तिथेच संपते.

आणि शेतकरी नाही म्हणून हसू नका. आपल्याकडे रेल्वेच्या रुळालगत पालक आणि लाल माठ पिकतोच की, नाल्याच्या पाण्यावर. ट्रॉम्बे कोळीवाड्यातली माणसं चिखलात उतरून चिंबोऱ्या पकडतात, निवट्या पकडतात. रिॲक्टरच्या जागेचं मॉडेल मुंबईत करायचं तर गाईचं दूध काढून टाका आणि तिथे खाडीचा चिखल घाला, त्यात बसलेलं सिझियम (ते चिकणमातीला घट्ट धरून बसतं, हे बरंही आणि वाईटही), मासे, चिंबोऱ्या, कोलंबी, आणि ओहोटीला गुडघाभर गाळात चार तास उभा असलेला माणूस. विहिरीचं पाणी मात्र वगळता येईल, किनाऱ्यालगत ते बहुतेक मचूळ लागतं, पिणार कोण.

ट्रॉम्बेची यादी माहीत असावी म्हणून थोडक्यात. अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, सोव्हिएत युनियन सोडलं तर आशियातला पहिला रिॲक्टर, स्विमिंग पूलसारख्या पाण्याच्या टाकीत बुडवलेला, १ मेगावॉट. २००९ ला बंद, आणि तिची नवी आवृत्ती अप्सरा-यू, २ मेगावॉटची, सप्टेंबर २०१८ मध्ये चालू झाली. झर्लिना १९६१ ची, जवळजवळ शून्य पॉवरची, १९८३ ला बंद. सायरस १९६० ची, ४० मेगावॉट, कॅनडाच्या मदतीने, ३१ डिसेंबर २०१० ला कायमची बंद. ध्रुव १९८५ पासून, १०० मेगावॉट. घारापुरीला लाँचने जाताना डावीकडे ते घुमट बघून पर्यटक "ते काय आहे" विचारतात आणि लाँचवाला "फोटो नका काढू" एवढंच सांगतो.

या यादीत बघा, झर्लिना आणि सायरस दोन्ही 'रिसर्च रिॲक्टर', पण एक पाडणं आणि दुसरा पाडणं यात जमीन-अस्मानाचा फरक. पॉवर म्हणजे न्यूट्रॉन, आणि न्यूट्रॉन जितके जास्त आणि जितकी जास्त वर्षं, तितकं आजूबाजूचं स्टील आणि काँक्रीट स्वतःच रेडिओॲक्टिव्ह होत जातं. इंधन काढून नेलं तरी ते मागे राहतं, धुऊन जात नाही, कारण ते चिकटलेलं नाही, आतच तयार झालंय.

इथे माझा आणि काकांचा विषय जुळला, कारण कोअर. आमच्याकडे जुन्या कॉलमची ताकद बघायला डायमंड बिटने काँक्रीटचा गोल दंडगोल कापून काढतात, पाणी मारत मारत, सगळीकडे राखाडी चिखल उडतो, खालच्या मजल्यावरच्या बाई भांडायला येतात, आणि हातात येतो तो मनगटाएवढा जाड तुकडा, ओला, त्यात खडी चिरलेली स्वच्छ दिसते. तो आम्ही प्रेसखाली फोडतो. रिॲक्टरच्या शील्डिंगमधून (किरण अडवणारी जाड काँक्रीटची भिंत) काढलेला तसाच कोअर ते फोडत नाहीत, सलामीसारख्या चकत्या करतात आणि प्रत्येक चकती जर्मेनियम डिटेक्टरसमोर ठेवतात, कुठला आयसोटोप किती आहे ते तो सांगतो. पहिली चकती रिॲक्टरच्या बाजूची, शेवटची बाहेरची. आणि त्यात दिसतं युरोपियम-१५२. मी विचारलं सिमेंटमध्ये युरोपियम आलं कुठून, आम्ही तर टाकत नाही, तर ते म्हणाले, "अगं तुमच्या खडीतच असतं, दहा लाखात एखादा भाग, पण न्यूट्रॉन गिळायची त्याची भूक भयंकर." स्टीलमध्ये तसाच अशुद्धी म्हणून आलेला कोबाल्ट. म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वी कॉन्ट्रॅक्टरने कुठल्या खाणीची खडी आणली आणि कुठल्या मिलची सळई वापरली यावर आज किती इंच काँक्रीट तासून काढायचं हे ठरतं. त्या कॉन्ट्रॅक्टरला हे कुणी सांगितलं असतं तर काय म्हणाला असता.

चकत्यांचे आकडे आत जाल तसे आधी थोडे वाढतातसुद्धा कधीकधी, कारण वेगवान न्यूट्रॉन आत जाऊन मंदावतात आणि मंद न्यूट्रॉनच जास्त गिळले जातात, मग मात्र भराभर उतरतात. ज्या खोलीला आकडा लिमिटच्या खाली जातो तिथे रेघ मारायची, अलीकडचं कचरा, पलीकडचं काँक्रीट. लिमिट निम्मी केली तर ती रेघ काही सेंटीमीटर आत सरकते, आणि सगळ्या शील्डिंगभोवती काही सेंटीमीटर म्हणजे टनांनी जास्तीचा कचरा, ड्रम, ट्रक, पुरायची जागा, आणि तो कापणाऱ्या कामगारांना मिळणारा जास्तीचा डोस. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. पुढच्या काल्पनिक माणसाचा ०.०५ वाचवायला आजच्या खऱ्या माणसाला, ग्राइंडर हातात घेऊन रेस्पिरेटरमध्ये घामाघूम झालेल्याला, किती द्यायचा?

मग थांबा ना, असंही एक म्हणणं असतं. कुलूप लावा, कोबाल्ट आपोआप कमी होईल. होतो. त्याचं अर्धआयुष्य ५.२७ वर्षं, पंधरा वर्षांत सातव्या हिश्शावर येतो. पण युरोपियम-१५२ चं साडेतेरा, त्याच पंधरा वर्षांत ते अजून निम्म्याच्या आसपासच असतं. सिझियमचं ३०. निकेल-६३ चं शंभर. कार्बन-१४ चं ५,७३०, तो ग्रॅफाइट असलेल्या रिॲक्टरमध्ये डोकेदुखी. आणि थांबण्यात एक गोष्ट कुठल्याच आलेखावर दिसत नाही ती म्हणजे माणसं रिटायर होतात. मी ज्या ज्या जुन्या इमारतीत गेलेय तिथे ड्रॉइंगमध्ये एक आणि भिंतीत वेगळंच निघालंय, एकदा तर कॉलम समजून ज्याला हॅमर मारला तो चिनीमातीच्या पाइपाभोवतीचा प्लास्टर निघाला. रिॲक्टरच्या इमारतीत तसा न दाखवलेला ड्रेनचा पाइप स्लॅबखाली असला तर सगळी घाण तिथेच बसलेली असते, आणि तो कुठे आहे हे ज्या फोरमनला माहीत असतं तो आता नातवाला शाळेत सोडत असतो. म्हणून तिथे सर्व्हेची पहिली पायरी मीटर नसते, जुनी लॉगबुकं आणि जुनी माणसं असतात, कुठे काय सांडलं होतं, कुठली खोली आधी कशासाठी वापरायचे. आमच्याकडे ऑडिटला ही पायरी सक्तीची केली तर निम्मे रिपोर्ट बदलतील.

अमेरिकेत ओहायोत प्लम ब्रुक म्हणून नासाचा ६० मेगावॉटचा रिॲक्टर होता. १९७३ ला बंद केला, खरं काम नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू झालं, लायसन संपलं २०१२ ला. मध्ये काय झालं तर इमारत, टाक्या हे सगळं अपेक्षेप्रमाणे, पण सिझियम सापडलं बाहेरच्या ओढ्याच्या गाळात, कुंपणाच्या पलीकडे. पाणी ज्या वाटेने गेलं त्या वाटेने. खाडीच्या काठावर राहणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तपासायची पद्धत मला मनापासून आवडली, कारण ती आमच्या उलट आहे. अमेरिकेतल्या चार खात्यांनी १९९७ मध्ये मिळून एक मॅन्युअल काढलं, मार्सिम म्हणतात त्याला, त्यात सुरुवातीलाच धरून चालतात की ही जागा दूषित आहे, नाही हे तुम्ही सिद्ध करा. पुरावा कमी पडला तर जागा दोषी. आपल्या कोर्टात आरोपीला संशयाचा फायदा मिळतो, इथे नेमका उलटा न्याय. सगळ्यात संशयित भाग पहिल्या वर्गात, इमारतीत शंभर चौरस मीटरपर्यंतचा तुकडा एका वेळी, आणि तो पूर्णच्या पूर्ण स्कॅन करायचा, इंच सोडायचा नाही. कमी संशयितांना सूट. शिवाय एकापेक्षा जास्त आयसोटोप असतील तर प्रत्येकाचा स्वतःच्या लिमिटशी भागाकार करून बेरीज करायची, ती एकच्या वर जाता कामा नये, म्हणजे कोबाल्टने निम्मी लिमिट खाल्ली असेल तर बाकी सगळ्यांना मिळून निम्मीच उरते. आणि लोह-५५ किंवा निकेल-६३ सारखे जे फील्डवरच्या मीटरला दिसतच नाहीत त्यांचं लॅबमध्ये कोबाल्टशी प्रमाण काढायचं आणि मग कोबाल्ट मोजून त्यांचा अंदाज बांधायचा.

पुसून बघायची टेस्ट काकांनी खालच्या बाकड्यावर करून दाखवली. टपरीवरचा टिश्यू घेतला, बाकड्याच्या ग्रॅनाइटवर तळहाताएवढा चौकोन बोटाने आखला, दहा-बाय-दहा सेंटीमीटर, आणि दोन बोटांनी मध्यम जोर देत नागमोडी फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, परत मागे नाही. टिश्यूवर काळी रेघ आली, सायन-ट्रॉम्बे रोडची धूळ. "हे सुटं. हे हाताला लागतं, पोटात जातं. आणि जे पुसून आलं नाही ते घट्ट बसलेलं." दोघांच्या लिमिट वेगळ्या. १९७४ च्या जुन्या अमेरिकन गाइडमध्ये बीटा-गॅमासाठी एकूण सरासरी ५,००० आणि सुट्याला १,०००, प्लुटोनियमसारख्या अल्फावाल्यांना सरासरी १०० आणि सुट्याला फक्त २०, सगळं शंभर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला. ते आकडे डोसवरून कमी आणि त्या काळच्या मीटरला जे नीट दिसायचं त्यावरून जास्त आले होते. रिसर्च रिॲक्टरसाठी आणखी एक साधा नियम होता, पृष्ठभागापासून एक मीटरवर बॅकग्राउंडच्या (तिथे निसर्गतः असतंच त्या रेडिएशनच्या) वर तासाला ५ मायक्रोरोंटजेनपेक्षा (रेडिएशनचं जुनं एकक) जास्त नको. काका त्या जुन्या पद्धतीचे चाहते आहेत. मीटर धरला, काटा बघितला, संपलं, कुणाला शेतकरी कल्पायची गरज नाही. मला पटत नाही, कारण त्यातही माणूस होताच, फक्त तो कुणी लिहून ठेवला नव्हता.

तसं ते ग्रॅनाइटचं बाकडंही इनोसंट नाहीये. दक्षिणेतला ग्रॅनाइट आपल्या काळ्या दगडापेक्षा जास्त 'गरम' असतो, फ्लाय ॲश घातलेल्या सिमेंटमध्येही थोडं रेडियम जास्त. त्यामुळे बॅकग्राउंड म्हणून कुठली इमारत धरायची हा वेगळाच वाद. त्याच काळातली, त्याच खडीची, पण रिॲक्टरशी संबंध नसलेली इमारत शोधा म्हणतात. मुंबईत साठ सालची, मधे रिपेअर न झालेली, मूळ प्लास्टर असलेली बिल्डिंग शोधून दाखवा मला.

आता भंगार. जागा मोकळी करायची लिमिट वेगळी आणि तिथून माल बाहेर काढायची लिमिट वेगळी, आणि दुसरी कितीतरी कडक. सळई, पाइप, मोटर, राबिट, हे एकदा गेटबाहेर गेलं की कुणाच्या घरात जाईल सांगता येत नाही, म्हणून तिथे डोस धरतात वर्षाला ०.०१ मिलिसिव्हर्ट, पंचवीस पट कमी. कोबाल्ट आणि सिझियमसाठी त्याचा अर्थ ग्रॅममागे ०.१ बेकरेल. ट्रिटियमला १००. ०.०१ तुम्हाला कुठल्याच मीटरवर बाहेर मोजता येत नाही, आपल्या बिल्डिंगच्या दोन मजल्यांत त्याहून जास्त फरक असतो, म्हणून ग्रॅममागच्या बेकरेलवरच भरवसा. अमेरिकेने १९९० मध्ये "इतकं कमी असेल तर आम्ही लक्ष घालणार नाही" असं धोरण आणलं होतं, लोक इतके भडकले की १९९२ मध्ये त्यांच्या संसदेने ते रद्द केलं.

भडकले ते योग्यच, असं माझं मत. कारण आपल्याकडचा भंगाराचा प्रवास बघा. कुर्ल्याच्या गाळ्यात वेगळं झालेलं लोखंड ट्रकने जालन्याच्या भट्टीत जातं आणि तिथून सळई होऊन पनवेलच्या टॉवरच्या स्लॅबमध्ये येऊन बसतं. वितळताना सिझियम धुरात उडतं आणि फिल्टरच्या धुळीत सापडतं, पण कोबाल्ट लोखंडातच राहतो, एकसारखा मिसळून. तैपेईमध्ये ऐंशीच्या दशकात असं झालंय, भंगारातून भट्टीत शिरलेला कोबाल्ट-६० सळयांत गेला, त्या सळया रहिवासी इमारतींत गेल्या, कळलं १९९२ मध्ये, तोवर सुमारे १० हजार माणसं वर्षानुवर्षं त्या भिंतींच्या आत झोपत होती. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत भारतातलं स्टील निघालं, त्यातही कोबाल्ट. २०१० मध्ये दिल्लीत मायापुरीला तर भंगारात कोबाल्टचा आख्खा रेडिओॲक्टिव्ह सोर्सच आला आणि एकाचा जीव गेला. यातलं काही कुठल्या रिसर्च रिॲक्टरच्या पाडकामातून आलं असं नाही, पण रस्ता तोच आहे, आणि तो रस्ता आपल्या दारावरून जातो. राबिटचंही तेच. कागदावर 'भरावासाठी वापर' हा एक सिनॅरिओ असतो, आपल्याकडे तो सिनॅरिओ नाही, रोजची रात्रपाळी आहे.

बंधनं घालून जागा सोडायचीही तरतूद आहे. कुंपण, बोर्ड, 'इथे घर बांधू नये' अशी सातबाऱ्यावर नोंद. पण अमेरिकन नियमात अट अशी की ही बंधनं उद्या कोसळली तरी डोस १ मिलिसिव्हर्टच्या वर (अगदी अपवादात ५) जाता कामा नये. हे कलम लिहिणाऱ्याला माझा नमस्कार. मुंबईत ज्याने मोकळ्या प्लॉटचं कुंपण पाच पावसाळ्यांनंतर बघितलंय त्याला विचारा, बंधनं कोसळली 'तर' नसतं.

पैशाचंही एक सांगते. वीज विकणाऱ्या अणुभट्ट्यांना आपल्याकडे युनिटमागे २ पैसे पुढच्या पाडकामासाठी बाजूला काढता येतात. रिसर्च रिॲक्टर वीज विकत नाही, त्याचे दोन पैसे कुठून येणार, तो सरकारच्या बजेटमधूनच पाडायचा, आणि बजेटमध्ये नवीन बांधणाऱ्याला फीत कापायला मिळते, पाडणाऱ्याला काय मिळतं?

ट्रॉम्बेचं कुंपण आपल्या हयातीत उघडणार नाही, आत ध्रुव चालू आहे, त्यामुळे तिथे आजी राहायला जाईल अशी भीती मी घालत नाहीये. तिथे पाडलं तरी ती जागा पुन्हा त्याच कामाला वापरता येते आणि मग काम करणाऱ्याचे नियम लागतात, घरच्यांचे नाही. पण आकडा लिहिताना कुंपण धरायचं की धरायचं नाही, यावर काकांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. त्यांचं म्हणणं ०.२५ किंवा ०.३ भरपूर आहे, त्याच्या खाली जाण्यात सगळा पैसा काँक्रीट तासण्यात जातो आणि जीव एकाचाही वाचत नाही. माझं म्हणणं, आकडा ०.३ ठेवा हवा तर, पण माणूस आमचा घ्या. अमेरिकेतल्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीचं रेसरॅड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, माती ते माणूस सगळा हिशोब त्यात होतो, काका ते रविवारी लॅपटॉपवर चालवून दाखवणार आहेत. मी इनपुट लिहून ठेवलेत: खोलीत ८,७६० तास, दूध पिशवीचं म्हणजे शून्य, विहीर शून्य, भाजी रुळालगतची, आणि मासे अमेरिकन डीफॉल्टपेक्षा भरपूर जास्त. चिंबोऱ्यांचा वर्षाचा आकडा मात्र कोळीवाड्यातल्या मावशींना विचारूनच भरणार, काका म्हणतायत अंदाजे टाक, नाही टाकणार.